भरल्या जमिनीचे दिवस

श्रावण अर्ध्यावर आला की आमच्याकडची जमीन भरते. इथले लोक असंच म्हणतात, जमीन भरली. तोवर पडलेला पाऊस ती पीत असते. कितीही कोसळला तरी संध्याकाळपर्यंत अंगण मोकळं होतं. मग एक दिवस पाणी मुरायचं थांबतं. वाडीत पाऊल टाकलं की टाचेभोवती पाणी वर येतं आणि पाऊल उचललं की खळगा तसाच भरलेला राहतो. विहीर काठाला टेकते. उन्हाळ्यात जे पाणी मोटरीने खेचावं लागतं, ते वाकून तांब्याने घेता येतं. बेडूक कठड्यावर येऊन बसतात आणि माणूस जवळ गेला तरी हलत नाहीत.

यंदाही भरली. परवा सकाळी संडासात बादली ओतली आणि सवयीने तिथेच उभी राहिले, पाणी खाली जातंय का बघत. क्षणभर ते थबकल्यासारखं वाटलं, मग गुडगुड झाली आणि गेलं. बाहेर आले, हात धुतले, चहा ठेवला. गेल्या वर्षीचे हेच दिवस आठवले. आठवल्यावर काहीतरी दाटून यायला हवं होतं. पण दूध उतू जाईल एवढंच लक्षात आलं आणि मी गॅस बारीक केला.

पापडीच्या बाजारातून चर्चमागच्या गल्लीने थोडं आत आलं की आमची वाडी. आमची म्हणजे सासरची. माझं माहेर माणदेशातलं. तिथे पाण्याची काळजी म्हणजे ते कधी येणार याची काळजी. आई भांडी राखेने घासून आधी कोरड्या फडक्याने पुसायची, मग अगदी शेवटी ओंजळभर पाण्याने विसळायची. आम्ही बहिणी एका बादलीत न्हायचो आणि ते पाणीसुद्धा परसातल्या कढीपत्त्याला जायचं. लग्न होऊन वसईला आले, दारात भरलेली विहीर बघितली आणि वाटलं, सुटले. पाणी जायचं कुठे, असाही प्रश्न असतो हे मला केस पांढरे व्हायला लागल्यावर कळलं.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. बैठं, पुढे ओटी, मागे अंगण, विहीर, केळी आणि मोगऱ्याच्या रांगा. आमच्या गल्लीत गटाराची लाइन तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. प्रत्येकाच्या अंगणात आपापली टाकी. आमच्या टाकीला दोन कप्पे. पहिल्यात मैला तळाला बसतो, वरचं पाणी दुसऱ्यात जातं, तिथून शेजारच्या शोषखड्ड्यात आणि खड्ड्यातून जमिनीत. सासरे दर वैशाखात झाकण सरकवायचे, बांबूला पांढरं फडकं गुंडाळून आत सोडायचे आणि वर काढून बघायचे, काळं कुठवर आलंय. आम्ही सुना नाकाला पदर लावून लांब उभ्या राहायचो. 'पावसाच्या आदी हिचं पोट रिकामं पायजे,' ते म्हणायचे. 'मग जमीन भरली तरी आपन बुडत नाय.' काळं वर आलेलं दिसलं की टाकी उपसणारी गाडी बोलवायची. संडासात अॅसिड ओतायचं नाही, आतला मैला खाणारे जीव मरतात. तेलकट तवा आधी कागदाने पुसायचा, मग धुवायचा. न्हाणीचं पाणी टाकीत सोडायचं नाही, ते केळीला. हे सगळं ते एखादी पोथी सांगावी तसं सांगायचे.

ते गेले आणि मागोमाग बाकीचंही गेलं. दोन भाऊ. मोठे दादा वाडी बघायचे, धाकटे प्रमोद, म्हणजे माझे यजमान, वालीवला एका वर्कशॉपमध्ये लेथवर. वाडीमागची पट्टी दादांनी बिल्डरला देऊन टाकली. आम्हाला ते कळलं तेव्हा तिकडे मातीचा भराव पडायला लागला होता. त्या संध्याकाळी ओटीवर दोघं भाऊ एकमेकांना जे बोलले, ते मी आतून ऐकलं. प्रमोद माझ्याशी शाळेतलं मराठी बोलतात, भावाशी मात्र घरचं, 'पानी', 'कोन', 'नाय' असं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना दादांशीही तेच शाळेतलं मराठी बोलताना ऐकलं. तेव्हाच समजायला हवं होतं की हे आता जुळत नाही.

पावसाळा संपल्यावर दादांनी गवंडी बोलावला. भिंत ओटीच्या मधून आली, घराच्या मधून गेली, मागच्या अंगणातून विहिरीच्या कठड्यापर्यंत पोचली आणि तिथे थांबली. विहिरीत दोघांच्या दोन मोटरी. आणि मधे आलेल्या टाकीवरूनच भिंत गेली. पहिला कप्पा त्यांच्या अंगणात, दुसरा आमच्या. दोन्ही घरांनी नवीन बाथरूम बांधली तेव्हा न्हाणीचं पाणीही टाकीतच सोडलं, कारण तोवर कुणाला अंगणातून पाट काढायला वेळ नव्हता. त्यांच्या झाकणावर वहिनींनी, म्हणजे माझ्या मोठ्या जावेने, मोगऱ्याच्या कुंड्या मांडल्या. गाडी कुणी बोलवायची हे ठरलं नाही. ते आम्ही बोलवू म्हणून थांबले, आम्ही ते बोलवतील म्हणून. वैशाख येत राहिले आणि जात राहिले. मागच्या भरावावर इमारत उभी राहिली आणि आमच्या वाडीचं पाणी पूर्वी जिकडे उतरायचं तो उतारच नाहीसा झाला.

वहिनी आणि मी बोलत नव्हतो. भांडलो नव्हतो आम्ही. नवरे बोलत नाहीत म्हणून आपणही नाही, अशी ती सुरुवात होती. मग सवय झाली. त्या गल्लीतल्या नळावर असल्या की मी नंतर जायची. मी गल्लीत दिसले की त्या कुंडीतलं पिवळं पान खुडायला वाकायच्या. पण भिंत एकाच विटेची. कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरची मालिका, दादांचा खोकला, सगळं ऐकू यायचं. न बोलता मला त्यांचं सगळं ठाऊक होतं आणि त्यांना माझं.

गेल्या वर्षी ज्येष्ठात दादांना अर्धांगवायूचा झटका आला. ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरेना म्हणून चौघांनी खुर्चीतून नेलं. त्यात प्रमोद नव्हते. ते फाटकाशी उभे राहिले, मग स्कूटर काढून मागोमाग गेले. तासाभराने परत आले.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"माहीत नाही. खालीच होतो."

त्यांनी चप्पल काढली, पाय धुतले आणि पेपर उघडला.

दादा घरी आले ते उजवी बाजू हरवूनच. त्यांचा मुलगा मस्कतला. तो आला, थोडे दिवस राहिला, गेला. वहिनींनी पलंग भिंतीलगतच्या खोलीत लावला. आमच्या स्वयंपाकघराची भिंत ती हीच. त्यामुळे सकाळी कणीक मळताना मला पलीकडचं सगळं कळायचं. 'कूस वळवते हां,' 'जरा धरा,' 'झालं, झालं.' डायपरने त्यांच्या पाठीला, मांड्यांना पुरळ उठलं, कातडी सोलवटली. मग वहिनींनी जुन्या साड्या फाडून त्याच घातल्या. त्या धुण्याचा आवाज उजाडायच्या आधी सुरू व्हायचा. बादली भरायची, ओतायची, आपटायची, परत भरायची. दिवसात कितीदा तरी. बाहेर पाऊस, दादांना सोडून त्या लांब जाऊ शकत नव्हत्या, तेव्हा धुणं आत बाथरूममध्येच. आणि तसलं पाणी केळीला सोडता येत नाही. ते टाकीतच जायला हवं.

श्रावण आला, जमीन भरली.

एके दिवशी तन्वी, आमची मुलगी, आंघोळीला गेली आणि किंचाळत बाहेर आली. बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर आलं होतं. त्यात काय काय होतं ते सांगत नाही. आमची बाजू एका पायरीने खाली, म्हणून ते आमच्याकडेच आलं. मागच्या झाकणाच्या कडेनेही पाझरत होतं. मी गोणपाट टाकून पाणी अडवलं. किळस येईल असं वाटत होतं, ती आली नाही. हात आपोआप चालत होते.

प्रमोदनी गाडी बोलावली. गाडीवाला म्हणाला, दोन्ही झाकणं उघडायला हवीत, खरा गाळ पहिल्या कप्प्यात असतो. प्रमोद भिंतीपाशी गेले. बराच वेळ नुसते उभे राहिले. मग भिंतीकडेच बघत मोठ्याने म्हणाले, "झाकन उघडायचं हाय तिकडचं."

थोड्या वेळाने पलीकडे कुंड्या सरकल्याचा आवाज आला, एकेक करून. मग दार लागल्याचा.

गाडीने टाकी उपसली. मधली सगळी वर्षं त्या जाड पाइपातून गेली. आम्हाला हायसं वाटलं. पण दोनच दिवसांत पाणी परत वर आलं. मैला गेला होता, पण चारी बाजूंनी जमिनीतलं पाणीच टाकीत पाझरत होतं आणि शोषखड्डा काठोकाठ होता. गाडीवाला फोनवर म्हणाला, "आता किती वेळा उपसणार? पाऊस ओसरेपर्यंत हे असंच. घरातून पाणी कमी सोडा, दुसरा इलाज नाही."

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. भिंतीपलीकडे बादली भरत होती.

"ऐक," तन्वी म्हणाली. "हे चाललंय सकाळपासून. आपण दोन बादल्या वापरतो, त्या वीस. सांगायला नको त्यांना?"

प्रमोद भात कालवत राहिले.

"बाबा, तुम्ही नाही तर मी सांगते."

"काय सांगशील?" मी विचारलं.

"हेच, की कमी वापरा."

पलीकडे साडी आपटली. एकदा, दोनदा. दादांचा आवाज आला, शब्द नसलेला, लांबट. 'आले, आले,' वहिनी म्हणाल्या.

तन्वी ताटाकडे बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग काय करायचं?"

"आपण कमी वापरू," मी म्हटलं.

हे मी दयेने म्हटलं असं कुणी समजू नये. त्या वेळी माझ्या मनात दया नव्हती, रागही नव्हता. एका भांड्यात मावेल तेवढंच मावणार. त्यातलं एकाला लागतंच, तेव्हा दुसऱ्याने आपलं काढून घ्यायचं. आमटी वाढताना करतो तसा तो हिशेब होता. तन्वी मात्र चिडली. "विहीर काठोकाठ भरलीय, बाहेर नदी वाहतेय आणि आपण दुष्काळात असल्यासारखं राहायचं? आणि कुणासाठी? ही भिंत कुणी घातली?"

प्रमोद उठले, हात धुतले. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना त्यांच्या पिशवीत टॉवेल आणि साबणाची डबी दिसली. ते वालीवला वर्कशॉपच्या नळावर आंघोळ करायला लागले. कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग माझं माहेर माझ्या कामाला आलं. मागच्या दारी पत्र्याचा आडोसा केला आणि आम्ही मायलेकी तिथे आंघोळ करू लागलो, एका बादलीत, सासऱ्यांच्या वेळेसारखं पाणी केळीला. केळीलाही ते नको होतं, तिच्या बुडाशी आधीच तळं होतं. पण उघड्यावरून ते हळूहळू रस्त्याकडे सरकायचं, टाकीत तरी जायचं नाही. भांडी आधी पुसायची, मग टोपात विसळायची आणि तो टोप बाहेर नेऊन ओतायचा. फ्लशच्या टाकीत पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवल्या, म्हणजे एका वेळी कमी सुटतं. लघवीनंतर नुसता तांब्या. गळणाऱ्या नळाला प्रमोदनी नवा वॉशर घातला. वॉशिंग मशीनवर चादर टाकून ते बंद केलं. तन्वी कपड्यांची पिशवी घेऊन पूर्वेला मैत्रिणीच्या फ्लॅटवर जायची. पहिल्यांदा रागाने गेली. पुढे जाताना 'अजून काही आहे का गं?' असं विचारायला लागली.

पाणी खाली गेलं नाही, पण वरही आलं नाही. जाळीच्या खाली चार बोटांवर ते थांबलं. रोज सकाळी मी जाळी उचलून बघायची. घरात कुणाचा ताप बघावा तसं. पलीकडे बादल्या भरत होत्या, ओतत होत्या. एवढंच ते दिवस. त्यांचा रंग म्हणून काही आठवत नाही. ओल्या सिमेंटचा वास आठवतो, ओल्या साडीचा भिंतीतून येणारा आवाज आठवतो, आणि केस नीट न धुतल्याने डोकं जड व्हायचं ते.

एका दुपारी घरात मी एकटीच होते. पलीकडे काहीतरी पडलं. बादली गडगडली आणि मग शांतता. मी भिंतीला हात लावून उभी राहिले.

"नीला!"

वहिनींनी माझं नाव कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं. त्यामुळे ते मलाच आहे हे कळायला वेळ लागला.

"नीला गो, ये जरा!"

मी पुढच्या दाराने रस्त्यावर आले, वळसा घालून त्यांच्या फाटकातून आत गेले. दादा पलंगावरून अर्धे खाली घसरले होते. वहिनी त्यांना खाली बसून खांद्यावर तोलून धरून होत्या. त्यांचे केस सुटलेले, साडी भिजलेली. खोलीभर पाणी.

"पाय धर. दोन्ही. आता उचल."

आम्ही त्यांना वर घेतलं. दादा मोगऱ्याच्या पाट्या डोक्यावरून सहज न्यायचे. त्यांचं ते शरीर असं हलकं आणि तरीही न उचलवणारं असेल असं वाटलं नव्हतं. दादांखालची साडी बदलायला हवी होती. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी बादली ओढून घेतली. त्या पुसत होत्या, मी फडकं पिळून देत होते. त्यांनी फडकं मागितलं की मी द्यायची, एवढंच. दादांनी डोळे मिटून घेतले होते.

सगळं झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं. डाव्या हाताने पलंगाच्या कडेवरून माझं मनगट धरलं. तोंड वाकडं करत, खूप प्रयत्नाने म्हणाले, "टाकी… भरली?"

वहिनींचा हात थांबला.

"नाही दादा," मी म्हटलं. "व्यवस्थित आहे टाकी. काही काळजी नाही."

त्यांनी मनगट सोडलं. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या कपाळाला चिकटलेल्या तेलकट केसांकडे, बहुतेक. मी बादली घेऊन बाथरूममध्ये ओतली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सगळं परत पहिल्यासारखं. नळावर त्या होत्या, मी थांबले, त्या गेल्यावर गेले.

गणपती गेले आणि पाठोपाठ एका सकाळी धुण्याचा आवाज आला नाही. मी कणीक मळत होते. हात थांबला. मग वहिनींचा आवाज आला, अगदी रोजचा.

"प्रमोद, ये रे."

प्रमोद दाढी करत होते. तसेच उठले. रस्त्याने वळसा घालून गेले नाहीत. मागच्या अंगणात आले, भिंत संपते तिथे विहिरीच्या शेवाळलेल्या कठड्यावर चढले आणि एका हाताने भिंत धरून पलीकडे उतरले. अर्धा गाल साबणाने पांढरा होता. मी त्यांना थांबवलं नाही. पडतील असंही मनात आलं नाही.

दादा गेले हे कळल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट कुठली आली, ते मी आजवर कुणाला बोलले नाही. आली ती टाकी. आता माणसं येतील, गावची, आगाशीची, कळंबची. दिवसभर बसतील, बाथरूमला जातील. जाळीखाली चार बोटं उरली आहेत. दादांचा चेहरा नाही, वहिनी नाहीत, प्रमोद नाहीत, चार बोटं. मी साडी बदलली आणि समोरच्या मर्सीबायकडे गेले. तिचं घर नवीन, टाकी मोठी आणि गल्लीत सगळ्यांत उंचावर.

"मर्सीबाय, दादा गेले. तुझं बाथरूम लागेल. आमची टाकी…"

तिने मला पुढे बोलू दिलं नाही. गळ्यातल्या क्रुसाला हात लावला, आत गेली, मागचं दार उघडून विटा घालून ते उघडंच ठेवलं. "पाठव सगळ्यांना," म्हणाली. "बाप्यांना पन पाठव. मी हाय हितं." दिवसभर ती त्या दाराशी स्टूल टाकून बसली. बायका यायच्या, ती बोटाने वाट दाखवायची.

स्मशानातून पुरुष परतले तेव्हा प्रश्न आंघोळींचा होता. प्रमोदनी त्यांना घरात येऊ दिलं नाही. सगळ्यांना मागे विहिरीवर नेलं. पाऊस होता. तो माणसांचा घोळका, पंचे, उघडी अंगं, आणि प्रमोद विहिरीतून वाकून बादली भरतायत आणि एकेकाच्या डोक्यावर ओततायत. भावाच्या वयाच्या माणसांच्या, काकांच्या, भाच्यांच्या. सगळे न्हाऊन गेल्यावर त्यांना घालायला कुणी उरलं नाही. त्यांनी स्वतःच्या डोक्यावर बादली उपडी केली आणि बराच वेळ ती रिकामी बादली तशीच धरून उभे राहिले.

तेरावं झालं. पाहुणे गेले. मस्कतचा मुलगाही गेला. वहिनी म्हणाल्या होत्या, 'मी हितंच ऱ्हानार,' म्हणून त्याने जास्त काही विचारलं नाही. पलीकडे इतकी शांतता झाली की आमच्या फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

दोन-तीन दिवसांनी मी मागे भांड्यांचं पाणी ओतत होते. भिंतीवरून वहिनींचं डोकं दिसलं. त्या झाकणावर उभ्या होत्या, कुंड्यांमध्ये.

"नीला."

"काय हो वहिनी?"

"आता वापर पानी. हवं तेवडं." त्यांनी कुंडीतलं एक पिवळं पान खुडलं. "माजं काय, एकटीचं कितीसं लागनार."

मला काहीतरी बोलायचं होतं. मी 'बरं' म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि त्या खाली उतरल्या.

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. भिंत एकाच विटेची. आमची मोटर कमी वेळ चालते, आमच्या बाथरूममधून आवाज येत नाही, वॉशिंग मशीन बंद आहे, आम्ही पावसात मागच्या दारी न्हातो, हे सगळं त्यांनी साडी आपटता आपटता ऐकलं होतं. आणि ऐकूनही साडी आपटायचं थांबवता येत नव्हतं.

त्या दिवशी मी आतल्या बाथरूममध्ये गेले, बादली भरली, केस धुतले. दुसरी बादली भरली. जाळीतून पाणी सरळ खाली गेलं. टाकीला जागा झाली होती. मला रडू येईल म्हणून मी थोडा वेळ थांबले. आलं नाही. थंडी वाजायला लागली तेव्हा अंग पुसून बाहेर आले.

त्यानंतर फार काही बदललं असं नाही. नळावर आता एक असली की दुसरी लांब थांबत नाही, इतकंच. भिंत आहे. प्रमोद अलीकडे रविवारी वहिनींच्या बाजूच्या मोगऱ्याची छाटणी करून देतात. काम झालं की त्यांच्या ओटीवर न टेकता परत येतात. एकदा मी म्हटलं, बोलत जा त्यांच्याशी दोन शब्द. म्हणाले, "काय बोलू? ज्याच्याशी बोलायचं होतं तो राहिला नाही." आणि कात्री पुसून ठेवली.

यंदा वैशाखात त्यांनी आपणहून गाडी बोलावली. स्वतः मात्र वालीवला गेले, त्यांना सुट्टी नव्हती. झाकणं आम्ही दोघींनी उघडली, आपापल्या बाजूची. गाडीवाल्याने वाकून बघू नका म्हणून सांगितलं, आतला वायू वाईट. आम्ही लांब उभ्या राहिलो. पाइप घरघरत होता. ऊन कडक होतं, जमीन तडकलेली, ती कधी भरलेली असेल यावर विश्वास बसू नये अशी. वहिनी मध्येच काहीतरी बोलल्या, आवाजात ऐकू आलं नाही. मी भिंतीजवळ गेले.

"काय म्हणालात?"

"तू आलेलीस ना त्या दिवशी, ते पडले तवा," त्या म्हणाल्या. "तू गेल्यावर हसले गो ते. अर्ध्या तोंडानं. आजारात तेवडंच एकदा हसले."

"का?"

"म्हनाले, हिला खोटं बोलता येत नाय."

पाइप घरघरत होता.

"आनि म्हनाले, प्रमोदला सांग. वैशाखात उपसून घे म्हनावं, बाबा करायचे तसं." वहिनींनी पदराने कपाळ पुसलं. "मी सांगितलं नाय. तोंड नव्हतं सांगायला. मग ते गेले, मग ऱ्हायलंच. आज गाडी बगितली नि आटवलं. तूच सांग त्याला."

संध्याकाळी प्रमोद आले. मागे जाऊन झाकणं नीट बसलीत का बघून आले. नेहमीसारखे नळावर हात धुवायला लागले, कोपरापर्यंत, ग्रीस निघेपर्यंत. मी भाजी निवडत होते. वहिनींनी सांगितलेलं सांगितलं, त्यांनी सांगितलं त्याच शब्दांत.

ते पाठमोरेच होते. हात चोळायचे थांबले.

"नाव घेतलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"माझं नाव घेतलं त्यानं? का नुसतं, त्याला सांग, असं?"

"नाव घेऊन," मी म्हटलं. "प्रमोदला सांग, म्हणाले."

ते दोन्ही हात नळाखाली तसेच धरून उभे राहिले. हातावरचा साबण केव्हाच निघून गेला होता आणि पाणी वाहत होतं. मी नळ बंद करा म्हटलं नाही.